आईच्या पाठीवर टकटक, आणि २४ सिटिंगचं पॅकेज

पत्र असं आलंय, थोडं छाटून देतेय:

"नमस्कार ताई, मी मिनियापोलिसला असते, तीन महिन्यांची मुलगी आहे. बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून आलीय, वय ६७. पाच आठवड्यांपूर्वी बाळाला क्रिबमधून उचलताना तिच्या पाठीत एकदम कळ आली, तिच्या भाषेत उसण भरली. दोन-तीन दिवस आडवीच होती, मग नवरा तिला जवळच्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांना झटके देऊन पाठदुखीवर उपचार करणाऱ्याकडे, घेऊन गेला. मला भीती की व्हिडिओत दाखवतात तसं कडाकड मोडतील, पण त्यांनी पालथं झोपवून दोन्ही पाय जुळवून बघितले आणि स्टेपलरसारखं एक छोटं यंत्र घेऊन पाठीवर टक टक केलं, दहा मिनिटांत काम झालं. आई म्हणाली हलकं वाटतंय. असं ४ वेळा झालं. आता ते म्हणतात मणके सरकलेत, अजून २४ सिटिंग लागतील, सगळे पैसे आधी भरले तर १,४४० डॉलर. व्हिजिटर इन्शुरन्स यातलं काहीच देत नाही. मानेलाही करून घ्या म्हणाले. बाबा फोनवर ओरडतायत की हाडवैद्यच पाहिजे होता तर साताऱ्यात काय दुष्काळ पडला होता. हे यंत्र खरं आहे का? पॅकेज घेऊ का? आणि हो, आईची हाडं ठिसूळ आहेत, दोन वर्षांपूर्वी डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) केली त्यात टी स्कोअर उणे २.७ आला होता, कॅल्शियम घेते ती. पण तिथला फॉर्म नवऱ्याने भरला, त्याला हे माहीत नव्हतं, त्याने तिथे 'नाही' असं टिक केलंय. – गोंधळलेली लेक"

अगं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी 'आणि हो' म्हणून लिहिलीस. (अगं-तूगं करतेय, चालवून घे, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.) यंत्र, पॅकेज, बाबांची ओरड, सगळ्यावर बोलते, पण आधी तो फॉर्म.

उणे २.५ च्या खाली टी स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, यात 'जरासं कॅल्शियम कमी आहे' वगैरे काही नाही. आणि अशी हाडं असलेली ६७ वर्षांची बाई पुढे वाकून पाच-सहा किलोचं वजन उचलते आणि पाठीत एकदम कळ येते, हे वाचलं की माझ्यासारखीच्या डोक्यात पहिला शब्द उसण येत नाही, मणका चेपला असेल का हा प्रश्न येतो. चेपणं म्हणजे काय तर मणक्याचा पुढचा भाग आतून पोकळ झालेला असतो, वाकून उचलताना सगळा भार नेमका त्याच बाजूवर येतो आणि तो पिचतो. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर कोणी बसल्यासारखं. त्याला पडायला-बिडायला लागत नाही, बादली उचलताना होतं, रिक्षाने खड्ड्यात दणका दिला तरी होतं, आणि निम्म्या बायकांना ते कळतही नाही, त्या बाम लावतात, शेकतात आणि पुढच्या वर्षी म्हणतात उंची कमी झाली आणि पोक आलं.

घाबरवायला सांगत नाहीये. तुझी आई उठून फिरतेय, बहुतेक वेळा साधी लचकच असते, आणि मणका चेपला असला तरी बहुतेक जणींचा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतो. पण बघून घ्यायला पाहिजे. आज आईला विचार की नेमकं कुठे दुखतं, परकराच्या नाडीच्या रेषेत की त्याच्या चार बोटं वर? खाली आणि बाजूला असेल तर लचक असायची शक्यता जास्त. वर, मधोमध, मणक्याच्या हाडावरच बोट ठेवलं की 'आई गं' होत असेल, खोकताना, कुशीवर वळताना कळ येत असेल, उभं राहिलं की वाढत असेल आणि आडवं झालं की बरं वाटत असेल, तर हे चेपल्याचं लक्षण असू शकतं. अर्थात बोट लावून निदान होत नाही, त्यासाठी एक्स-रे. अर्जंट केअरला (अपॉइंटमेंटशिवाय बघतात तो दवाखाना) जा, साधा एक्स-रे तिथेच होतो. जायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना फोन कर आणि नीट सांग की उचलताना अचानक झालेली दुखापत आहे, नुसतं 'पाठ दुखते' म्हणालीस तर ते जुन्या आजाराच्या खात्यात टाकून मोकळे होतात. एक्स-रेत काही नाही आलं आणि तरी त्याच जागी दुखत राहिलं तर डॉक्टर एमआरआय सांगतील, कधीकधी पहिल्या फोटोत दिसत नाही.

तोपर्यंत पाठीवरची टकटक बंद. चारदा झालीय त्याने काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही, पण पाचवी नको.

आणि त्या कायरोप्रॅक्टरला फोन करून सरळ सांग की फॉर्ममध्ये चूक झाली, आईला ऑस्टिओपोरोसिस आहे. त्यांचं यात काही चुकलेलं नाही, त्यांना 'नाही' म्हणून लिहून दिलं होतं. (तरी ६७ वर्षांच्या बाईला, उचलताना दुखावलेली असताना, मी तोंडी परत विचारलं असतं, पण असो.) आता ते काय म्हणतात ते कान देऊन ऐक. 'बरं झालं सांगितलंत, आधी एक्स-रे करून या, मग ठरवू' असं म्हणाले तर माणूस चांगला आहे, पुढे त्यांच्याकडे जायला माझी हरकत नाही. 'काळजी करू नका, आमचं यंत्र एकदम सौम्य असतं' असं म्हणाले तर तिथे परत जायचं नाही, आणि पॅकेजचा प्रश्नच मिटला.

आता यंत्राबद्दल. आधी हे सांगून टाकते की मी फिजिओथेरपिस्ट, पंचवीसेक वर्षं लोकांच्या कंबरा दाबल्यात, आणि आमच्यात आणि कायरोप्रॅक्टर लोकांत जरा सवतीमत्सर असतोच, तेव्हा माझं बोलणं तेवढी सूट धरून वाच. पण बहिणीकडे शिकागोला गेले होते तेव्हा हौसेने हे टकटक करूनही घेतलंय. टेबलावर पालथं पडले, त्यांनी माझे बूट एकमेकांना लावून बघितले, मग कमरेवर रबरी टोक टेकवलं आणि टक्. कोणी बोटाने टिचकी मारावी तेवढंच. दुखलं नाही, कडकड नाही, आणि खरं सांगू का, त्या दिवशी मला काही फारसा फरकही वाटला नाही, पण माझं तेव्हा विशेष दुखतही नव्हतं.

गंमत म्हणजे हे यंत्र तुझ्याच राज्यातलं, मिनेसोटातलं आहे. कायरोप्रॅक्टिकचा जन्म आयोवातल्या डेव्हनपोर्टचा, १८९५ साली डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी सुरू केलं, पण ते सगळं हाताने. मग १९६० च्या दशकात मिनेसोटात वॉरन ली आणि आर्लन फर हे दोघे दिवसभर अंगठ्याने झटके देऊन देऊन स्वतःच दमायला लागले म्हणून दुसरं काही साधन मिळतं का ते शोधू लागले, दाताच्या डॉक्टरांचं एक ठोकायचं हत्यारसुद्धा वापरून बघितलं, आणि त्यातून स्प्रिंगवालं 'अ‍ॅक्टिव्हेटर' तयार झालं. आता तशी बॅटरीवरची वगैरे बरीच निघालीत. सगळ्यांचं तत्त्व एकच, की टोक फार थोडं अंतर सरकतं पण फार पटकन, काही मिलीसेकंदांत, त्यामुळे अंगाला आवळून प्रतिकार करायला वेळच मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे कंबर किंवा मान पिळावी लागत नाही. त्याला सौम्य म्हणतात ते याच कारणाने, आणि ते खरं आहे. म्हातारी माणसं, ज्यांना तो कडकड आवाज ऐकूनच घाम फुटतो ती माणसं, यांच्यासाठी हाताच्या झटक्यापेक्षा हे मी कधीही पसंत करीन. (तो आवाज हाडांचा नसतो बरं का, सांध्यातल्या पाण्यात हवेची पोकळी तयार होते त्याचा असतो, २०१५ मध्ये कॅनडात एमआरआय मशीनमध्ये बोटं ओढून हे चक्क बघितलं गेलंय. त्यामुळे आवाज आला म्हणून काम झालं असंही नाही आणि नाही आला म्हणून पैसे फुकट गेले असंही नाही.)

पण सौम्य आहे म्हणजे जास्त गुणकारी आहे असं धरून चालू नकोस. २०१५ मध्येच पिट्सबर्गला १०७ जणांवर एक चाचणी झाली, पाठदुखी नवीन-नवीन असलेले लोक, काहींना हाताने झटके, काहींना हे यंत्र, काहींना साधं डॉक्टरी औषधपाणी आणि हिंडतं-फिरतं राहायचा सल्ला. चार आठवड्यांनी हातवाल्यांना जास्त आराम होता, यंत्रवाले आणि औषधपाणीवाले साधारण बरोबरीत. आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी बघितलं तर तिघांत म्हणावा असा फरकच राहिला नव्हता. मला यातला शेवटचा भाग जास्त बोलका वाटतो. नवीन पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरतेच, मग त्या काळात जो कोणी पाठीला हात लावत असतो त्याला श्रेय मिळतं.

आईला पायाळू माणूस विचार, हसेल बघ. आमच्या आळीत एक काका होते, पायाकडून जन्मलेले, उसण भरली की बायका त्यांच्याकडे जायच्या आणि ते पाठीला पाय लावायचे, तीनदा. आणि उसण जायची! माझी आजी शपथेवर सांगायची. काका चहाशिवाय काही घेत नसत, २४ वेळा या असं तर कधीच म्हणाले नाहीत. बाबांना फोनवर हे सांग, जरा शांत होतील. तसं त्यांचं हाडवैद्याचं म्हणणं मात्र बरोबर नाही, अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला कॉलेज करून वर चार वर्षांचं शिक्षण असतं, परीक्षा असतात, राज्याचं लायसन लागतं. तुझ्याकडे त्यांचं मिनेसोटाचं बोर्ड आहे, तिथे नाव टाकून लायसन चालू आहे का ते बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, बघून ठेव.

आता 'मणके सरकलेत'. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मणका खरोखर सरकला असेल तर तो टिचकीने जागेवर येत नाही, आणि टिचकीने जागेवर येईल इतका ढिला असेल तर बाळाला घेऊन चार पावलं टाकल्यावर परत सरकेल. त्यांच्याकडे याला सबलक्सेशन म्हणतात आणि तो पामर साहेबांच्या काळापासूनचा शब्द आहे, ब्रिटनमध्ये तर कायरोप्रॅक्टर लोकांच्याच नियामक मंडळाने २०१० साली जाहीर केलं की ही जुनी ऐतिहासिक कल्पना आहे, आजारांचं कारण म्हणून तिला संशोधनाचा आधार नाही. पाय लांब-आखूड दिसण्याचंही तसंच, दोन पायांत थोडा फरक निम्म्या जगाला असतो, आणि पालथं झोपताना कंबर जराशी वाकडी टेकली तरी टाचा पुढे-मागे दिसतात. माझे स्वतःचे पाय त्या दिवशी 'एक चतुर्थांश इंचाने आखूड' निघाले आणि टक केल्यावर 'जुळले', मी मान हलवून थँक्यू म्हणून आले. तरीही टक केल्याने स्नायू सैल पडतो, दुखणं थोडं कमी वाटतं, हे होऊ शकतं. मणका न सरकवताही बरं वाटू शकतं.

आईला हलकं वाटलं ते खोटं आहे असं मी म्हणणारच नाही. तीन महिने ती रात्री-अपरात्री उठतेय, परक्या देशात, बाहेर बर्फ, भाषेची अडचण, आणि अचानक एक माणूस तिला टेबलावर झोपवतो, पाठीला हात लावतो, 'हाऊ आर यू टुडे' विचारतो. मलाही हलकं वाटलं असतं. तू रात्री दहा मिनिटं तिच्या पाठीला कोमट तेल लावून बघ, हलक्या हाताने, मणक्यावर न दाबता, बाजूच्या मांसावर.

पॅकेज मात्र घेऊ नकोस. एक्स-रे चांगला आला तरी नाही. कोणाला आज कसं कळेल की पुढच्या २४ वेळा लागणारच आहेत? माझ्याकडे आलेल्या पेशंटला मी सांगायचे, चार ते सहा वेळा बघू, फरक पडला तर पुढचं ठरवू आणि नाही पडला तर मी चुकतेय, दुसरीकडे बघू. तुझ्या आईचे चार झालेत. तिथल्या म्हाताऱ्यांचा सरकारी विमा आहे ना, मेडिकेअर, तो आईला लागू नाही, पण त्यांचा नियम तुला मोजपट्टी म्हणून उपयोगी पडेल: ते कायरोप्रॅक्टिकचे पैसे देतात, पण सुधारणा होतेय तोवरच, 'आता चांगलं आहे, तसंच टिकवायला येत राहा' याचे देत नाहीत, आणि हातातलं यंत्र वापरलं म्हणून जास्तीचे तर अजिबात नाहीत. सरकार ज्याचे पैसे देत नाही त्याचे तू १,४४० आधीच मोजून देऊ नकोस. समजा आईला त्यांच्याकडेच बरं वाटतं आणि एक्स-रे साफ आहे, तर एकेका वेळचे पैसे देऊन अजून दोनदा जा, बास. आणि मान कशाला? तिची मान दुखतेय असं तू कुठे लिहिलं नाहीस. मान पिळून झटका देण्यात क्वचित रक्तवाहिनी फाटायचा धोका सांगतात, यंत्रात पिळणं नसल्याने तो तसा नाही, पण जिथे दुखत नाही तिथे दुरुस्ती करूनच का घ्यायची.

ही लक्षणं मात्र फ्रिजवर लिहून लाव. पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही किंवा लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाठदुखीसोबत ताप आला, तर कायरो नाही, अर्जंट केअर नाही, सरळ इमर्जन्सी.

माझ्या मते खरी दुरुस्ती तुझ्या घरात करायचीय. तुझं ते क्रिब बघ. २०११ पासून अमेरिकेत बाजू खाली सरकणारी क्रिब विकायला बंदी आहे, लहान मुलं अडकायची म्हणून, चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे पाच फुटी आजीला कठड्यावरून पार आत ओणवं व्हावं लागतं, वर हातात बाळ. बाळ अजून बसत नाहीये तोवर गादी सगळ्यात वरच्या खाचेत ठेव, (बसायला किंवा हातापायांवर उठायला लागली की लगेच खाली घ्यायची हं), आणि काही आठवडे आईने क्रिबमधून उचलायचंच नाही. तुम्ही दोघांनी उचलून तिच्या मांडीवर द्यायचं, ती खुर्चीत बसलेली. आणि अंघोळ! मला खात्री आहे ती बाळाला पाय लांब करून त्यावर घेऊन, तेल चोळून घालतेय, आपल्याकडच्यासारखी, आणि तेही त्या अमेरिकन टबात वाकून किंवा बाथरूमच्या फरशीवर बसून. ठिसूळ हाडांना यापेक्षा वाईट आसन शोधून सापडणार नाही. तेल तिलाच लावू दे, तिचा तो मान आहे, पण बाळाला डायनिंग टेबलावर जाड टॉवेल घालून, आईने उभं राहून, तू समोर बाळाला धरून. अंघोळ किचनच्या ओट्यावर छोट्या टबात, बाळावरचा हात काढायचा नाही, पाण्याची उचलठेव तुझ्या नवऱ्याकडे. फॉर्म त्यानेच भरलाय ना.

व्यायाम म्हणून युट्यूबवर बघून पाय न वाकवता अंगठे पकडणं, पोटाचे व्यायाम, पुढे वाकायचं काहीही नको. रोज मॉलमध्ये किंवा घरातच चालणं, आणि एक्स-रे ठीक आला तर खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आठ-दहा वेळा, आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहणं. कंबरेचा पट्टा लावत असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कायमचा नको, जुन्या पाठदुखीसाठी तो रोजचा वापरू नका असं डब्ल्यूएचओनेही २०२३ च्या सूचनांत म्हटलंय. मणका चेपलेला निघाला तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर ठरवतील.

आणि उणे २.७ असून दोन वर्षं नुसतं कॅल्शियम का चाललंय, हे मला कळलेलं नाही. हाडांसाठी वेगळी औषधं असतात, आठवड्याला एक गोळी असते, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. कोणतं चालेल ते दात, किडनी, व्हिटॅमिन डी सगळं बघून डॉक्टर सांगतील, पण हा विषय भारतात परत जाईपर्यंत ठेवायचा नाही, साताऱ्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर आत्ताच बोलून घ्या.

नवऱ्यावर फार चिडू नकोस, सासूच्या हाडांचा रिपोर्ट जावयाला तोंडपाठ असायचं काही कारण नाही. बाबांना मात्र आज फोन कर, साताऱ्यात सकाळ झाली की. ओरडून झालं की म्हणावं, कपाटातली आईची फाइल काढा आणि त्या डेक्साच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, दोन्ही पानं, सावली न पाडता.